डंबलडोर गुरुजी खरोखरच वारले काय ?

कल्पित कथेंतील एखादें आवडतें पात्र मरण पावलें असतां वाचकाच्या डोळ्यांत पाणी यावें, ही गोष्ट कांहीं नवी नाहीं. परंतु लेखकानें त्या पात्राचें मरण स्पष्ट शब्दांनीं वर्णिलें असतां, त्याचें प्रेत दाखविलें असतां व त्याचा अंत्यविधिही सांगून संपविला असतां, "छे ! हें मरण खरें नव्हेच" असें म्हणून वाचकांनीं वकिलाप्रमाणें पुरावा गोळा करावा आणि दोन वर्षेंपर्यंत आपल्या पक्षावर अढळ राहावें, हा प्रकार मात्र विचार करण्याजोगा आहे. २००५ पासून २००७ पर्यंत हॅरी पॉटरच्या गोष्टी वाचणाऱ्या पुष्कळ मुलामुलींच्या, आणि त्यांच्या वडील माणसांच्याही, बाबतींत असें घडलें. त्यांचे लाडके मुख्याध्यापक आल्बस डंबलडोर हे मालेच्या सहाव्या पुस्तकाच्या अखेरीस मारले गेले. आणि हें मरण म्हणजे शत्रूला फसविण्यासाठीं रचलेला देखावा आहे, असा तर्क वाचकांनीं बांधला.

आमच्या वाचकांपैकीं पालकवर्गास असें वाटण्याचा संभव आहे कीं, जादूच्या गोष्टींतील एका वृद्ध जादूगाराचें जगणें-मरणें हा शाळेच्या वार्षिकांत चर्चा करण्याचा विषय नव्हे. आम्हांस तसें वाटत नाहीं. जादू ही त्या गोष्टीपुरती आहे. परंतु मनाला एकच उत्तर हवें असतां समोरचा पुरावा कसा तोलावा, हा प्रश्न प्रत्येक घरांतला आहे. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. ह्या वाचकांची दृष्टि सूक्ष्म होती व त्यांचे कष्ट व्यर्थ गेले नाहींत. परंतु ज्या एका ठिकाणीं त्यांच्या इच्छेनें न्यायाधीशाची खुर्ची घेतली, त्याच ठिकाणीं ते चुकले. आणि विशेष हें कीं, त्या इच्छेपासून सावध राहा, असा इशारा त्या गोष्टीनेंच त्यांस पूर्वीं देऊन ठेविला होता.

ज्यांनीं हीं पुस्तकें वाचलीं नसतील त्यांच्यासाठीं कथाभाग थोडक्यांत सांगतों. जे. के. रोलिंग ह्या इंग्रज लेखिकेची ही सात पुस्तकांची माला १९९७ सालीं सुरू झाली. तिचा मराठींत अनुवादही झाला आहे. हॅरी हा पोरका मुलगा हॉगवर्ट्स नांवाच्या जादूविद्येच्या शाळेंत शिकावयास जातो. त्याच्या आईबापांचा प्राण घेणारा दुष्ट मांत्रिक व्होल्डेमॉर्ट त्याच्याही जिवावर टपलेला असतो. शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर हे मुलाचें छत्र. त्याच शाळेंत स्नेप नांवाचा एक कडवट, तिरसट शिक्षक आहे. तो पूर्वीं व्होल्डेमॉर्टच्या पक्षाचा होता, पण डंबलडोर ह्यांचा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे. सहावें पुस्तक, 'हॅरी पॉटर अँड द हाफ-ब्लड प्रिन्स', १६ जुलै २००५ रोजीं प्रसिद्ध झालें. एकट्या अमेरिकेंत पहिल्या चोवीस तासांत त्याच्या सुमारें ६९ लक्ष प्रती खपल्या. त्या पुस्तकाच्या शेवटाकडे रात्रीच्या वेळीं शाळेच्या एका उंच मनोऱ्यावर डंबलडोर दुर्बल होऊन भिंतीला टेकलेले असतात. हातांतली छडी गेलेली असते. त्यांचाच एक विद्यार्थी, ड्रॅको मॅल्फॉय, त्यांस ठार करण्याच्या हुकुमानें आलेला असतो, पण त्याचा हात वळत नाहीं. इतक्यांत स्नेप येतो. डंबलडोर त्याला काकुळतीनें हांक मारतात. आणि स्नेप छडी उगारून मरणमंत्र उच्चारतो. म्हातारे गुरुजी कठड्यावरून खालीं कोसळतात. हॅरी हें सर्व आपल्या डोळ्यांनीं पाहतो. पण गुरूंनींच त्याला मंत्रानें खिळवून, अदृश्य करणाऱ्या झग्याखालीं उभें केलेलें असल्यामुळें त्याला बोटही हालवितां येत नाहीं.

पुढच्या म्हणजे शेवटच्या पुस्तकाला दोन वर्षें अवकाश होता. त्या दोन वर्षांत वाचकांनीं सहावें पुस्तक पुनःपुन्हा वाचून काढलें, आणि जें जें हातीं लागलें तें तें एकत्र मांडलें. तो पुरावा कच्चा नव्हता, हें कबूल केलें पाहिजे.

पहिला मुद्दा असा कीं, पूर्वींच्या पुस्तकांत ह्या मंत्रानें मेलेला मनुष्य जागच्या जागीं कोसळतो. येथें मात्र डंबलडोर ह्यांचा देह वर उडाला, क्षणभर अधांतरीं तरंगल्यासारखा दिसला व मग मागें पडला. दुसरा मुद्दा डोळ्यांचा. ह्याच मंत्राला बळी पडलेल्या इतर माणसांचे डोळे उघडे राहिल्याचें लेखिकेनें सांगितलें होतें; डंबलडोर ह्यांचे डोळे मिटलेले होते. तिसरा मुद्दा सर्वांत चतुर होता. त्या वर्षीं शाळेंत मुलांस तोंडानें न उच्चारतां मनांतल्या मनांत मंत्र घालण्याची विद्या शिकविली गेली, आणि शिकविणारा शिक्षक होता स्नेपच. तेव्हां ओठांवर एक मंत्र व मनांत दुसरा, असें त्यानें केलें नसेल कशावरून ? चौथा मुद्दा हॅग्रिडच्या तोंडचा. हॅग्रिड हा शाळेचा भोळाभाबडा रखवालदार. स्नेप डंबलडोर ह्यांच्याशीं रानाच्या कडेला वाद घालीत असल्याचें त्यानें ऐकलें होतें. अमुक एक काम आपणांस आतां करावेंसें वाटत नाहीं, असा त्याचा सूर होता, आणि डंबलडोर त्याला दिल्या वचनाची आठवण देत होते. तें काम कोणतें ? पांचवा मुद्दा तर ग्रंथशोधकाला शोभेल असा होता. अमेरिकेंतील आवृत्तींत कांहीं वाक्यें अशीं होतीं कीं, जीं इंग्लंडांतील आवृत्तींत नव्हतीं. त्यांत डंबलडोर ड्रॅकोला सांगतात कीं, आम्ही तुला असें लपवूं कीं जग तुला मेलेला समजेल. ज्याला दुसऱ्याचें मरण खोटें भासवितां येतें, त्याला स्वतःचें कां भासवितां येणार नाहीं ? आणि शेवटीं, अंत्यविधीच्या वेळीं देहाभोंवतीं शुभ्र ज्वाला उठल्या, व त्यांच्या धुरांत फिनिक्स पक्षी आनंदानें आकाशांत उडून गेल्याचा हॅरीला क्षणभर भास झाला. फिनिक्स म्हणजे तर स्वतःच्या राखेंतून पुन्हा जन्मास येणारा पक्षी !

ही मांडणी वाचून आम्हांस त्या अज्ञात वाचकांचें कौतुक वाटतें. त्यांतील बहुतेक शाळकरी वयाचे होते. परीक्षेच्या धड्यांतील एक परिच्छेद दोनदां वाचा म्हटलें असतां कपाळास आठ्या घालणारीं मुलें येथें सहाशें पानांच्या पुस्तकांतील एकेक क्रियापद पारखीत होतीं, एका आवृत्तीशीं दुसरी ताडून पाहत होतीं, आणि आपलें म्हणणें पुराव्याशिवाय पुढें मांडीत नव्हतीं. कादंबऱ्या वाचून मुलें आळशी होतात, असें म्हणणाऱ्यांनीं ह्या उदाहरणाचा अवश्य विचार करावा.

शिवाय त्यांच्या आशेला पूर्वींच्या वाङ्मयाचाही आधार होता. शेरलॉक होम्स हा गुप्तपोलीस १८९३ च्या डिसेंबरांत स्वित्झर्लंडमधील राय्खेनबाख धबधब्यांत पडून मेला, असें कॉनन डॉयल ह्यांनीं लिहिलें. वाचकांची ओरड थांबेना, आणि १९०३ सालीं होम्स जिवंत परत आला. टोल्किन ह्यांच्या गोष्टींतील गॅन्डाल्फ हा जादूगार १९५४ च्या पहिल्या खंडांत अथांग गर्तेंत पडतो, व त्याच वर्षीं निघालेल्या दुसऱ्या खंडांत शुभ्र वस्त्रें लेवून सोबत्यांस पुन्हा भेटतो. सी. एस. लुइस ह्यांच्या १९५० च्या पुस्तकांत अस्लन नांवाचा सिंह रात्रीं मारला जातो व सकाळीं उठून उभा राहतो. लांब दाढीचा शहाणा वृद्ध कड्यावरून पडला तर तो परत येतो, हा जणूं ह्या प्रकारच्या गोष्टींचा रिवाजच होऊन बसला होता. मग डंबलडोर तरी परत कां येऊं नयेत ?

परंतु येथेंच थांबून दुसऱ्या बाजूचें म्हणणें ऐकावयास पाहिजे होतें. होम्सचें प्रेत कोणीं पाहिलें नव्हतें; गॅन्डाल्फचेंही त्याच्या सोबत्यांनीं पाहिलें नव्हतें. डंबलडोर ह्यांचा देह मात्र शाळेंतील मुलांनीं व शिक्षकांनीं पाहिला. हॅरीनें आपल्या हातांनीं त्यांच्या तोंडावरचें रक्त पुसलें. ज्या मंत्रानें त्यांनीं हॅरीला खिळवून ठेविलें होतें, तो मंत्र त्यांच्या पडण्याबरोबर सुटला. कारण तो घालणाराच आतां उरला नव्हता. मुख्याध्यापकांच्या खोलींत पूर्वींच्या मृत मुख्याध्यापकांच्या ज्या तसबिरी आहेत, त्यांच्या रांगेंत त्याच रात्रीं डंबलडोर ह्यांचीही तसबीर आपोआप येऊन बसली. आणि सर्वांत वजनदार साक्ष खुद्द डंबलडोर ह्यांची. मेलेल्यांस परत आणणारी जादू नाहीं, हा त्या जगाचा नियम चौथ्या पुस्तकांत त्यांच्याच मुखानें सांगितलेला आहे. पहिल्या पुस्तकांत पोरका हॅरी एका विलक्षण आरशासमोर रात्रीमागून रात्री जाऊन बसतो. कारण मनाला जें सर्वांत जास्त हवें तें त्या आरशांत दिसतें, आणि त्याला तेथें आपले मेलेले आईबाप दिसतात. तेव्हां डंबलडोर त्याला हळूच तेथून उठवितात. ह्या आरशापुढें बसून माणसें झिजून गेलीं आहेत, असें ते त्याला सांगतात.

वाचकांच्या पुराव्याकडे आतां पुन्हा पाहिलें, तर एक गोष्ट ध्यानांत येते. त्यांनीं दोन निरनिराळे प्रश्न एकाच दोरींत ओविले होते. स्नेप हा विश्वासघातकी आहे कीं नाहीं, हा पहिला प्रश्न. डंबलडोर जिवंत आहेत कीं नाहींत, हा दुसरा. रानाच्या कडेचा वाद पहिल्या प्रश्नाचा पुरावा आहे. त्यावरून एवढेंच ठरतें कीं, दोघांमध्यें कांहींतरी आधीं ठरलें होतें. पण ठरलें होतें तें काय, तर मरणाचें सोंग, ही भर पुराव्यानें घातलेली नव्हती. ती प्रेमानें घातली होती. गुरु-शिष्यांमध्यें ठरलेली गोष्ट खऱ्या मरणाचीही असूं शकेल, हें मनांत आणावयास कोणी राजी नव्हतें.

ह्या गुंत्याचा उलगडा पुढें मोठ्या जाहीर रीतीनें झाला. २००६ च्या ऑगस्टांत न्यूयॉर्क येथें रोलिंगबाईंनीं आपल्या पुस्तकांचें वाचन केलें व श्रोत्यांच्या प्रश्नांस उत्तरें दिलीं. श्रोत्यांत मुंबईंत जन्मलेले प्रख्यात कादंबरीकार सलमान रश्दी हे आपल्या मुलासह आले होते. त्यांनीं उठून विचारलें तें असें : स्नेप हा अंतर्यामीं चांगलाच आहे, अशी आम्हां पितापुत्रांची समजूत आहे, आणि तो जर चांगला, तर डंबलडोर खरोखर मेलेले असूंच शकत नाहींत. एवढा कसलेला लेखक, पण त्यानेंही तीच दोरी ओविली होती ! रोलिंगबाईंनीं त्यांचें म्हणणें बरोबर असल्याचें हंसत हंसत सांगितलें; पण लागलीच असेंही सांगितलें कीं, डंबलडोर मात्र निश्चितपणें मेले आहेत. शोक करणाऱ्या माणसाचें मन ज्या पायऱ्यांवरून जातें त्यांतील पहिली पायरी म्हणजे 'असें झालेंच नाहीं' असें म्हणणें. त्या पायरीवरून मी तुम्हांस पुढें नेत आहें, अशा अर्थाचे शब्दही त्या बोलल्या.

त्यानंतरही पुष्कळांनीं आशा सोडली नाहीं. शेवटीं २१ जुलै २००७ रोजीं सातवें पुस्तक निघालें, आणि खरा प्रकार सर्वांस कळला. स्नेप विश्वासघातकी नव्हता. डंबलडोर ह्यांनींच त्याला, वेळ येईल तेव्हां तूंच माझा प्राण घे, असें विनविलें होतें. एका शापित अंगठीमुळें त्यांचा हात आधींच काळा पडून वाळला होता. स्नेपनें आपल्या विद्येनें तो शाप हातापुरता थोपवून धरला होता, परंतु वर्षाहून अधिक काळ तो थोपविणें शक्य नव्हतें. मरण तर ठरलेलेंच. मग तें अशा रीतीनें यावें कीं, खुनाचें पाप पोरसवदा ड्रॅकोच्या माथीं बसूं नये, असा गुरुजींचा हेतु होता. म्हणजे वाचकांनीं ओळखलेला करार खरा होता. मरणही खरें होतें.

ही अंगठी त्यांनीं बोटांत घातली तरी कां ? एवढा शहाणा पुरुष. शापित वस्तु ओळखूं येत नव्हती काय? सातव्या पुस्तकांत ह्याचें उत्तर डंबलडोर स्वतःच देतात, आणि आमच्या मतें तेंच ह्या सर्व प्रकरणाचें मर्म आहे. त्या अंगठींत जो खडा होता, तो मेलेल्या माणसांची भेट घडवितो असा लौकिक होता. तरुणपणीं एका भांडणांत डंबलडोर ह्यांची धाकटी बहीण प्राणास मुकली होती. तें शल्य त्यांस जन्मभर टोंचत राहिलें. खडा दिसतांच त्यांस शापाचा विसर पडला. आईला, बापाला, बहिणीला एकदां भेटावें, क्षमा मागावी, एवढेंच मनांत उरलें. आणि त्यांनीं अंगठी चढविली. मुलाला आरशापुढून उठविणारा गुरु स्वतः वृद्धपणीं त्याच आरशापुढें जाऊन बसला, आणि त्याची किंमत त्यानें प्राण देऊन भरली. वाचकहो, ज्या इच्छेनें वाचकांस दोन वर्षें डंबलडोर जिवंत ठेवावेसे वाटले, त्याच इच्छेनें डंबलडोर ह्यांचा बळी घेतला होता ! आपल्या प्रिय माणसाचें मरण मान्य न करणें, हीच ती इच्छा.

ही इच्छा पुस्तकांतल्या माणसांपुरतीच असते, असें नाहीं. आमच्या महाराष्ट्राला तिचा कडू अनुभव आहे. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतच्या रणांगणांत सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मरणाविषयीं लोकांच्या मनांत शंका राहिली, कारण मनाला ती शंका हवी होती. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई ह्यांनीं आपलें वैधव्य अखेरपर्यंत मानलें नाहीं. त्या माउलीच्या दुःखाला आम्ही नमस्कार करतों. तिला दोष देण्याचा अधिकार कोणासही नाहीं. परंतु ह्याच शंकेचा फायदा घेऊन एक तोतया 'मीच भाऊ' म्हणून पुढें आला. कोंकणांतील किल्ले त्याच्या हातीं गेले, हजारों माणसें त्याच्या निशाणाखालीं जमलीं, आणि १७७६ सालीं त्याला देहदंड होईपर्यंत राज्याला घोर लागून राहिला. न. चिं. केळकर ह्यांचें 'तोतयाचें बंड' हें नाटक ह्याच प्रकरणावर आहे. भाऊंवरील प्रेम खरें होतें, म्हणूनच तोतयाला त्या प्रेमाचें भांडवल करतां आलें. प्रेमाला पुराव्याची जोड नसली म्हणजे तें परक्याच्या हातचें हत्यार होतें, हा धडा त्यांतून घेण्यासारखा आहे.

कोणी म्हणेल, "इतिहासाची गोष्ट निराळी, कथेंत लेखकाच्या हातीं सर्व सत्ता असते. रोलिंगबाईंनीं लेखणीच्या एका फटकाऱ्यानें डंबलडोर परत आणले असते, तर कोणाचें काय बिघडलें असतें ?" हा आक्षेप विचारार्ह आहे. आमचें उत्तर असें कीं, हॅरीचें बिघडलें असतें. सातव्या पुस्तकांत तो सतरा वर्षांचा मुलगा गुरूवांचून रानोमाळ हिंडतो, चुका करतो, गुरूच्या पूर्वायुष्यांतले दोष कळून त्यांच्यावर चिडतो, आणि तरीही त्यांनीं सोंपविलेलें काम टाकून देत नाहीं. प्रत्येक संकटांत गुरुजी पडद्याआडून बाहेर येणार हें ठाऊक असतें, तर तो मुलगा जन्मभर विद्यार्थीच राहिला असता.

शिवाय लेखिकेनें वाचकांच्या तर्काचा अगदींच अव्हेर केला, असेंही नाहीं. मरणाचें सोंग त्या पुस्तकांत आहे. फक्त तें डंबलडोर ह्यांच्या वांट्यास न येतां हॅरीच्या वांट्यास आलें. रानांत व्होल्डेमॉर्टचा मंत्र लागून तो पडतो, प्राण परत आल्यावरही मेल्यासारखा निपचित राहतो, आणि हॅग्रिड त्याला मेलेला समजून रडत रडत उचलून आणतो. त्या रानांत शिरण्यापूर्वीं अंगठींतला तोच खडा हॅरीच्या हातीं येतो. तो खडा फिरवून तो आईबापांस क्षणभर बोलावितो, पण त्यांस ह्या जगांत ओढून ठेवण्यासाठीं नव्हे. स्वतः मरणास सामोरें जातांना सोबत असावी म्हणून. मग तो खडा बोटांतून रानांतच गळूं देतो, आणि सर्व संपल्यावर तो शोधावयाचा नाहीं असें ठरवितो. तसबिरींतील डंबलडोर ह्यांस तो हें सांगतो, तेव्हां त्यांसही तें पटतें. गुरूला जें साधलें नाहीं तें शिष्यानें साधलें. आणि गुरूला त्याचा आनंद झाला. खऱ्या शिक्षकाची ह्याहून मोठी इच्छा ती कोणती ?

रोलिंगबाईंची आई १९९० च्या डिसेंबरांत दीर्घ आजारानें वारली. हॅरीची गोष्ट तेव्हां नुकतीच लिहावयास घेतलेली होती. त्या गोष्टीविषयीं आईला कांहींच कळलें नाहीं. मेलेल्यांस परत आणतां येत नाहीं, हा नियम त्या कां मोडूं इच्छीत नव्हत्या, हें एवढ्यावरून समजण्यासारखें आहे. परत न येणाऱ्या माणसाची वाट पाहणें म्हणजे काय, हें त्या जाणून होत्या.

आतां आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींस दोन शब्द. तर्क करूं नका, असें आम्ही म्हणत नाहीं, खूप करा. पुस्तक दोनदां वाचा, वाक्य वाक्याशीं ताडून पाहा, लेखकानें कोठें हूल दिली आहे तें हुडकून काढा. परंतु आपला तर्क कागदावर मांडल्यावर त्याच्या दोन बाजू करा. एका बाजूला पुस्तकानें सांगितलेलें लिहा, दुसऱ्या बाजूला आपल्या मनाला हवें असलेलें लिहा. मग आपल्या तर्काच्या विरुद्ध जाणारी एक तरी गोष्ट शोधून काढा. ती सांपडत नसेल तर आपण नीट शोधलें नाहीं असें समजा. ही संवय इतिहासाच्या अभ्यासांत उपयोगी पडेल, विज्ञानाच्या प्रयोगशाळेंत पडेल, आणि बाजारगप्पा कानीं आल्या म्हणजे तर फारच पडेल.

पालकांस आमची विनंती निराळी आहे. आपलें मूल पुस्तकांतल्या माणसासाठीं रडूं लागलें, किंवा "तो मेलाच नाहीं" असें हट्टानें सांगूं लागलें, तर त्याची थट्टा करूं नका. घरांतल्या खऱ्या मरणाशीं गांठ पडण्यापूर्वीं मुलाचें मन येथें त्या दुःखाची ओळख करून घेत असतें. त्याच्याजवळ बसा, तुला असें कशावरून वाटतें, तें विचारा, त्याचा सारा पुरावा शेवटपर्यंत ऐकून घ्या. आणि मग हळूच एवढेंच विचारा कीं, ते खरोखरच गेले असतील, तर त्यांनीं शिकविलेलें काय उरलें ? डंबलडोर ह्यांच्या मरणानंतर हॅरीजवळ त्यांनीं शिकविलेलें सर्व शिल्लक होतें, आणि पुढचें काम त्यानें त्याच्याच बळावर केलें. जें मूल ह्या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागेल, त्यानें तें पुस्तक पुरतें वाचलें, असें समजण्यास हरकत नाहीं.